उचलता येईल एवढाच गालिचा

मराठी घरातली जमीन फार काळ उघडीच राहिली. ती सारवलेली असो, कोब्याची असो की शहाबादी फरशीची, दोन वेळा केर निघावा आणि पाय गार लागावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. तिच्यावर जे अंथरलं जाई ते प्रसंगापुरतं. पाहुण्यांना सतरंजी, भजनाला किंवा लग्नाच्या बैठकीला जाजम, दुपारी जरा आडवं व्हायला चटई. बैठक उठली की दोघांनी दोन टोकं धरायची, सतरंजी अंगणात नेऊन सपकन झटकायची, गुंडाळायची आणि कोपऱ्यात उभी करून ठेवायची. पुन्हा जमीन मोकळी.

आता दिवाणखान्यात सोफ्यापुढे गालिचा येतो आणि येतो तो तिथलाच होऊन राहतो. मला गालिचे मनापासून आवडतात. भर उन्हाळ्यातही पावलांखाली लोकर असावी असं वाटणाऱ्यांपैकी मी आहे. म्हणूनच सांगावंसं वाटतं की सतरंजीची ती उचलण्याची रीत गालिच्यालाही हवी. किंबहुना त्यालाच ती जास्त हवी, कारण सुती सतरंजीपेक्षा लोकरीचे शत्रू अधिक.

गालिचा निवडायला गेलात तर त्याच्या रंगांवर भाळण्याआधी एक कोपरा उलटा करा. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर समोरची सगळी नक्षी तितकीच स्वच्छ उमटलेली असते. बोट फिरवलं की गाठींचे बारीक दाणे लागतात. त्यांच्या ओळी सरळ असल्या तरी मोजपट्टीने आखल्यासारख्या नसतात, कुठे एखादी ओळ किंचित वर चढलेली असते. कडेची झालर म्हणजे त्याच्या उभ्या ताण्याचेच धागे. गालिचा त्या धाग्यांवर उभा असतो, त्यामुळे विस्कटली म्हणून झालर कापायची नाही. टफ्टेड गालिच्याच्या पाठीवर मात्र चिकटवलेलं कापड दिसतं. त्यात गाठ नसते, धागे खोचून मागून रबरी चिकाने धरून ठेवलेले असतात आणि झालर असलीच तर वरून शिवलेली. असा गालिचा वाईट नव्हे, स्वस्तही पडतो. पण काही वर्षांनी तो चीक वाळतो आणि फरशीवर त्याचा भुगा सांडू लागतो, हे घेतानाच ठाऊक असावं. लोकर खरी का, हे पाहायचं तर लवेतला एक सुटा तंतू जाळून बघावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. ओला पांढरा रुमाल लवेवर घासावा, रंग रुमालावर आला तर गालिचा दुकानातच राहू द्यावा.

उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडे घरोघरी माग आहेत. तिथल्या हातविणीच्या गालिच्यांना 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे पुण्याला येरवड्याच्या तुरुंगातही एकोणिसाव्या शतकात कैदी गालिचे विणत. माग कुठलाही असो, काम तेच: दोन उभ्या धाग्यांभोवती लोकरीचा तुकडा गुंतवायचा, खाली ओढायचा, कापायचा, आणि पुढची गाठ. सैबेरियाच्या अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथे 1949 साली सर्गेई रुदेन्को यांना एका थडग्यात जो गालिचा सापडला, त्यात अशा साडेबारा लाखांच्या आसपास गाठी आहेत. आकाराने तो जेमतेम दोन मीटरचा चौरस. काठावर घोडेस्वार चालले आहेत, आतल्या पट्ट्यात हरणं चरत आहेत. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे विणकाम आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. चोरांनी थडगं फोडलं तेव्हा आत पाणी शिरलं, ते गोठलं, आणि त्या बर्फाने गालिचा राखला.

आपल्या हवेत राखायला बर्फ नाही. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल येते. लोकर हवेतला दमटपणा निमूट पोटात घेते. वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी शोषूनही हाताला ओली लागत नाही. म्हणून वरून कोरडा वाटणारा गालिचाही पावसाळ्यात अधूनमधून उचलून खालच्या फरशीला हात लावून पाहावा. आषाढाच्या आधीच काढून ठेवायचा असेल तर घडी घालू नये, लव ज्या दिशेला झुकते त्या दिशेने सैल गुंडाळावा आणि जुन्या सुती लुगड्यात बांधावा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी धरते.

दुसरा शत्रू कसर. तिची अळी लोकर खाते, आणि खाते ती अंधारात, जिथे कुणी हलवत नाही अशा जागी. गालिच्याचा मधला भाग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. सोफ्याखाली गेलेली कड कुणी पाहत नाही, आणि पहिली कुरतड तिथेच होते. डांबराच्या गोळ्यांनी वास येतो, पण कसरीला खरा वचक उजेडाचा आणि झटकण्याचा. वर्षातून दोनदा गालिचा फिरवून उलट्या दिशेने अंथरला की ती कड उजेडात येते आणि ऊनही सगळीकडे सारखं लागतं. तिसरा शत्रू आपल्याच पावलांतून येतो. बारीक वाळू लवेच्या मुळाशी जाऊन बसते आणि प्रत्येक पावलाला धागा कातरत राहते. यंत्राने वरवर ओढून ती निघत नाही. गालिचा उलटा करून पाठीवर थापट्या द्याव्यात. किती निघते ते पाहून आपलंच घर नव्याने कळतं.

आणि हळद. वरणाचा थेंब पडला की घरातलं कुणीतरी साबण घेऊन धावतं आणि पिवळा डाग लाल होतो. डाग पडल्याबरोबर कोरडा सुती कपडा दाबून ठेवावा, घासू नये, मग गार पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपावं. राहिलेली पिवळी झाक उन्हात हळूहळू उडते. मात्र ऊन गालिच्याच्या रंगांनाही खातं, म्हणून कोवळं ऊन आणि थोडाच वेळ.

या सगळ्यात एक क्रिया सारखी येते: उचलणं. उचलून पाहायचं, उचलून फिरवायचं, उचलून झटकायचं. म्हणून घेताना खोलीचं माप घ्या, सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतात का ते बघा, आणि मग स्वतःला विचारा, घरातल्या दोन माणसांना हा गुंडाळून गच्चीवर नेता येईल का? येणार नसेल तर एक आकार लहान घ्या, किंवा चांगली जाड सतरंजी घ्या, किंवा काळ्या लोकरीची घोंगडी घ्या. कुणीतरी मागावर वाकून एकेक गाठ मारली आहे. त्या कष्टाला चांगलं आयुष्य लाभायचं असेल तर वर्षातून काही वेळा आपल्यालाही वाकावं लागेल, आणि ते वाकणं मला घराच्या सुखाचाच भाग वाटतं.