सहज येणे

दिल्लीत कोणाच्या दारी गेले की बहुधा पहिला प्रश्न येतो, "कैसे आना हुआ?" प्रश्नात अगत्य असते, पण येण्यामागे काही कारण असलेच पाहिजे, हेही त्यात गृहीत असते. मराठीत याला एक सुरेख उत्तर आहे : "सहज." सहज म्हणजे मुळात सोबत जन्मलेले, ज्याला वेगळे कारण लागत नाही असे. हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्याचे मोल मला कळले ते ख्रिस्ती पंचांगातील आगमनकाळामुळे.

नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी हा काळ सुरू होतो. आपल्या मार्गशीर्षाच्या आगेमागेच तो येतो. चर्चमध्ये जांभळी वस्त्रे दिसू लागतात आणि हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. १८३९ साली हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखेर्न यांनी आपल्या आश्रमातील मुलांना नाताळ किती दूर आहे हे दिसावे म्हणून चाकावर मेणबत्त्या लावल्या, तेथून ही प्रथा आली असे सांगतात. हा काळ वाट पाहण्याचा. बाजारात मात्र याच दिवसांत सर्वाधिक धावपळ असते.

या दिवसांत वाचली जाणारी एक कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. आपल्या वृद्ध नातलग स्त्रीला, एलिझाबेथला, दिवस गेले आहेत हे कळताच मरिया डोंगराळ मुलखातल्या तिच्या घरी जाते. जाते ती घाईने, पण राहते सुमारे तीन महिने. मला या कथेतले हेच प्रमाण विलक्षण वाटते. घाई सगळी वाटेत संपली. उंबरठ्याच्या आत तिला जागा मिळाली नाही. त्या तीन महिन्यांत मरियेने कोणते काम केले, हे लूक सांगत नाही.

माझ्या आईच्या अखेरच्या हिवाळ्यात आमच्या मयूर विहारच्या घरी पुष्कळ माणसे येत. फळे आणत, औषधांविषयी सल्ला देत आणि घड्याळ पाहत उठत. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. परतीची वाट लांब होती. आईच्या स्मरणातून तेव्हा एकेक नाव निसटू लागले होते. प्रश्न विचारला की ती घाबरे, आणि आलेला प्रत्येक जण तिला विचारी, "मला ओळखलंत का?"

वसईच्या एक मावशी मात्र आगमनकाळाच्या चारही रविवारी आल्या. गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलमध्ये मिस्सा आटोपून त्या मेट्रोने येत. फाटकावरच्या वहीत येण्याचे कारण लिहावे लागे. पहारेकऱ्याला त्या सांगत, "मिलना है." मग सज्जातल्या उन्हात आईशेजारी बसून मटार सोलू लागत. ओळखीचा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. थोड्या वेळाने आईची बोटे आपोआप शेंगांकडे वळत. नावे हरवली होती, पण शेंग कोठे दाबायची हे बोटांना ठाऊक होते. एका रविवारी आईला तो मार्गशीर्षातला गुरुवार वाटला आणि तिने हळदीकुंकवाचा करंडा मागितला. मी गोंधळून मावशींकडे पाहिले. त्यांनी शांतपणे कपाळ पुढे केले.

पौषात आई गेली.

दिल्लीची मेट्रो प्रवाशांसाठी सुरू झाली ती २००२ सालच्या नाताळच्या दिवशी. तेव्हापासून या महानगरातली अंतरे पुष्कळ आटली. नोएडा आणि गुडगाव हाकेवर आले. पण वाचलेला वेळ माणसांच्या वाट्याला आला, असे म्हणवत नाही. आपण मराठी मंडळी येथे भेटतो ती समारंभात. १९५४ साली लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्यसंमेलन भरले होते. त्यानंतर थेट २०२५च्या फेब्रुवारीत ते पुन्हा दिल्लीत आले. अशा गर्दीत ओळखीचे शेकडो चेहरे दिसतात, "एकदा घरी या" असे आग्रहाने म्हटले जाते आणि ते 'एकदा' कोणत्याच पंचांगात सापडत नाही.

म्हणून मी ख्रिस्ती नसूनही ते चार रविवार आता राखून ठेवतो. एका रविवारी एकच घर, आणि तेही ज्यांना बाहेर पडणे जमत नाही अशांचे. अनुभवाने एवढे कळले आहे की हवा, गुडघे आणि परदेशातली मुले हे विषय पहिल्या अर्ध्या तासात संपतात. मग एक अवघड शांतता येते. बहुतेक भेटी नेमक्या तेथे मोडतात. पाहुणा "बरं, येतो" म्हणून उठतो. ती शांतता निभावून नुसते बसून राहिले, तर बऱ्याच वेळाने समोरचे माणूस, कोणीही न विचारता, बोलू लागते. त्या बोलण्यासाठीच ते इतके दिवस वाट पाहत असते.