बाबांच्या सायकलीला मीटर

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. शाळेच्या जडणघडणीविषयी लिहिण्याचा अधिकार माझ्याहून ज्येष्ठ असलेल्यांचा आहे. म्हणून मी एका लहानशा खरेदीची हकिकत सांगणार आहे. गेल्या हिवाळ्यात वडिलांच्या सायकलीसाठी मी एक साधे मीटर घेतले. दुकानात त्याला ‘सायकल कॉम्प्युटर’ म्हणतात. ते वायरचे घ्यावे की बिनवायरचे, या प्रश्नापाशी मी आठवडाभर अडलो होतो. ही हकिकत शाळेच्या फाटकापर्यंत येते, म्हणूनच ती येथे सांगण्याचे धाडस करतो.

वसतिगृहात राहिलेल्यांना महिन्यातल्या भेटीच्या रविवारचे मोल सांगावे लागत नाही. सकाळपासून आपले डोळे फाटकाकडे लागलेले असत. कोणाचे पालक एसटीने येत, कोणाचे बैलगाडीने. माझे बाबा सायकलीने येत. कॅरियरला बांधलेल्या पिशवीत भाकरी, जवसाची चटणी आणि हंगाम असेल तर शेंगा असत. “बाबा, किती लांब पडतं हो?” असे मी विचारी. “लांब कुठलं? हे काय, जवळच तर हाय,” असे उत्तर मिळे. पाचवी ते दहावी, सहा वर्षे हेच उत्तर ऐकले. एसटीचे वाचवलेले भाडे जाताना ते माझ्या हातावर ठेवीत. पैसे कोठून आले ते मला समजत होते, अंतर मात्र कधी समजले नाही.

बाबा आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तीच काळी, चोवीस इंची सायकल घेऊन अजूनही शेतावर जातात. गावाहून शाळेकडे आता नवा डांबरी रस्ता झाला आहे. बाबांचा रस्ता वेगळा होता. तो कालव्याच्या कडेने आणि दोन वस्त्यांमधून जाई. त्यावर मैलाचा दगड कधीच नव्हता. मोबाइलवर अंतर मोजता येईल, असे माझ्या मुलाने सुचवले आणि ते खरेही होते. परंतु बाबांना कोणालाही न विचारता स्वतः वाचता येईल असे काहीतरी त्या सायकलीवर कायमचे असावे, अशी माझी इच्छा होती.

दुकानदाराने दोन्ही प्रकार समोर ठेवले. दोहोंचे काम एकाच तत्त्वावर चालते. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला लहानसे चुंबक बसवतात आणि चिमट्याला संवेदक. संवेदकाच्या आत काचेच्या नळीत धातूच्या दोन बारीक पात्या असतात. चुंबक जवळून गेले की त्या क्षणभर एकमेकींना चिकटतात व परिपथ पूर्ण होतो. ही युक्ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली शोधली. प्रत्येक स्पर्श म्हणजे चाकाचा एक फेरा. फेऱ्यांना चाकाच्या परिघाने गुणले की अंतर मिळते, आणि दोन स्पर्शांमधील वेळेवरून वेग.

फरक आहे तो हा स्पर्श हँडलपर्यंत पोहोचवण्याचा. वायरच्या मीटरमध्ये संवेदक हा केवळ खटका असतो. त्याला वेगळी बॅटरी लागत नाही. पडद्यामागे सीआर २०३२ सारखी एक चपटी बॅटरी असली की पुरे. बिनवायरच्या मीटरमध्ये संवेदकाला संदेश हवेतून पाठवायचा असल्यामुळे त्यालाही बॅटरी लागते. साध्या, स्वस्त प्रकारात हा संदेश साठ-सत्तर सेंटिमीटरच्या पलीकडे भरवशाने पोहोचत नाही. जवळून दुसरी तशीच सायकल गेली किंवा वर विजेच्या मोठ्या तारा असल्या, तर आकडे भरकटू शकतात. महागड्या प्रकारांत प्रत्येक संवेदकाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक असल्याने शेजारच्या सायकलीशी गल्लत होत नाही.

बिनवायरचे मीटर दिसायला सुटसुटीत, यात शंका नाही. सायकल घडी करायची असेल, रोज जिन्यावरून उचलून न्यायची असेल, किंवा एकच मीटर दोन सायकलींवर आलटून पालटून लावायचे असेल, तर मी तेच घेण्याचा सल्ला देईन. वायर झुडपात अडकते, मुले ती ओढतात, हँडल वळताना ती ताणली जाते. दुकानदारानेही हेच सांगितले आणि वायरचा जमाना गेला, असा निर्वाळा दिला. मी जवळजवळ पैसे काढलेच होते. तेवढ्यात बाबांच्या सायकलीचे उंच, मागे वळलेले हँडल डोळ्यांसमोर आले. संवेदकापासून तेथवरचे अंतर मर्यादेच्या काठावरच होते. मी रिकाम्या हाताने परतलो आणि रात्री बाबांना फोन केला.

दोन्ही प्रकार मी समजावून सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले व म्हणाले, “वायरचंच आण. वायर दिसती तरी. तुटली तर कुठं तुटली ते कळंल.”

हे वाक्य ऐकताच मला आपल्या शाळेतील विज्ञानाचे सर आठवले. प्रयोगशाळेत एक बॅटरी, एक बल्ब व थोडी तार एवढेच साहित्य असे. सर मुद्दाम कोठेतरी जोड सैल करून ठेवीत आणि बल्ब का लागत नाही ते शोधायला लावीत. एका टोकापासून सुरुवात करा, एकेक जोड तपासा, उगाच सगळे उसकटू नका, ही त्यांची शिस्त होती. वायरचे मीटर बंद पडले तर नेमकी हीच शिस्त उपयोगी पडते. मीटर खोबणीतून काढावे आणि मागचे दोन धातूचे ठिपके नाण्याच्या कडेने भराभर जोडावेत, सोडावेत. पडद्यावर वेग उमटला तर मीटर ठीक आहे, दोष वायरीत किंवा संवेदकात आहे. गावात राहणाऱ्या माणसाला ही तपासणी घरच्या ओट्यावर बसून करता येते.

मीटर बसवण्यास अर्धा दिवस लागला. ब्रेकच्या दांडीलगत वायर वर नेली आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल इतकी ती वळणापाशी सैल ठेवली. चुंबक व संवेदक यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट राखली. मग परिघाचा प्रश्न आला. चोवीस इंच ही सांगाड्याची उंची, चाक अठ्ठावीस इंची. मीटरमध्ये आधीपासून शहरी सायकलीच्या बारीक टायरचा आकडा होता, २,०९६ मिलिमीटर. अंगणात टायरला आणि जमिनीवर खडूची खूण केली, बाबांना सायकलीवर बसवले आणि चाक एक पूर्ण फेरा ढकलले. परिघ भरला २,२३० मिलिमीटर. हा आकडा बदलला नसता तर प्रत्येक अंतर सहा टक्के कमी दिसले असते, आणि “जवळच हाय” या उत्तराला यंत्रानेही दुजोरा दिला असता.

रविवारी सकाळी मी तीच सायकल घेऊन जुन्या रस्त्याने निघालो. कालव्याची कड बरीच खचली आहे. शेवटच्या चढावर मी दोनदा उतरलो. शाळेच्या फाटकाशी पाय टेकला तेव्हा आकडा होता १९.४ किलोमीटर. एका बाजूचे ते अंतर, चाकाचे सुमारे ८,७०० फेरे. मी बराच वेळ तेथेच उभा राहिलो.

संध्याकाळी बाबांना मीटर दाखवले. ते म्हणाले, “बरोबर दाखवतं ना हे?”

बॅटरी बदलल्यावर जुने एकूण अंतर हाताने भरता यावे, अशी सोय या मीटरमध्ये आहे. मी तिचा वेगळा उपयोग केला. सहा वर्षे, वर्षातले दहा महिने, म्हणजे साठ फेऱ्या. पेरणी व सुगीचे खाडे वजा जाता पन्नास धरल्या. जाऊन-येऊन ३८.८ किलोमीटरप्रमाणे १,९४० किलोमीटर झाले. एकूण अंतराच्या जागी तेवढा आकडा भरून मीटर बाबांच्या हवाली केले. आता ते शेतावरून आले की आकडा वाचतात आणि आज किती वाढला ते आईला सांगतात.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते, की आपापल्या फाटकापर्यंतचे अंतर एकदा मोजावे. मीटर वायरचे असो की बिनवायरचे, ते बसवताना परिघ तेवढा नीट भरावा. आणि ज्यांचे आईवडील अजून आहेत, त्यांनी तो आकडा त्यांना दाखवण्यास उशीर करू नये.