पदवीत वर्ग कुठे आहे?

भिवंडीत इंग्रजी मेजर घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलींना 'पुढे काय?' असं विचारलं, की बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं: बी.एड. करून शिक्षिका व्हायचं. इंग्रजी शिकवणारी म्हणून मला या उत्तराचा आनंद होतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या घरातली मुलगी शाळेत इंग्रजी शिकवायला उभी राहते, ही या गावासाठी मोठी गोष्ट आहे. पण तीन वर्षांच्या पदवीत या उत्तरासाठी आपण काय ठेवलं आहे, याचा विचार केला की मी अस्वस्थ होते.

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत पूर्ण इंग्रजी घेतलं की तृतीय वर्षाला सहा पेपर असत. सोळाव्या शतकापासून विसाव्यापर्यंतचं ब्रिटिश साहित्य, समीक्षा असं सगळं त्यात यायचं. व्याकरण आणि लेखनकलेच्या वाट्याला त्यातला एक पेपर. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना आली: सत्राला २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२, चौथं वर्ष केलं तर १७६. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह यांचे कोष्टक भरताना मुलींची दमछाक होते. साहित्य कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही. कविता मन लावून वाचलेली शिक्षिका धडाही मन लावून वाचते. माझी तक्रार एवढीच, की वर्गातल्या मुलाची भाषा या सगळ्यात कुठेच येत नाही.

आणि भिवंडीतला वर्ग म्हणजे भाषांचा बाजारच. उर्दू बोलणारी मोमीन मुलं, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू बोलणारी मुलं, घरी भोजपुरी बोलणारी, आसपासच्या गावांतली आगरी-कुणबी मुलं. उर्दूवाल्या मुलाला 'झेड'चा उच्चार आयता येतो, पण 'स्कूल'चं 'इस्कूल' होतं. 'स्त्री', 'स्पष्ट' म्हणत वाढलेल्या मराठी मुलाला 'स्कूल'ची अडचण नसते. 'ए' आणि 'द' ही उपपदं मात्र सगळ्यांनाच नवी, कारण यांपैकी एकाही भाषेत ती नाहीत.

सरावपाठ घेणारी एक विद्यार्थिनी मला आठवते. सहावीचा वर्ग, फळ्यावर टेबलाचं चित्र. एका मुलाने वहीत लिहिलं, 'टेबल ऑन बुक इज'. तिने लाल रेघ मारली आणि पुढे गेली. पुढच्या बाकावर तेच, त्याच्या पुढच्या बाकावरही तेच. मग ती थांबली. स्वतः उर्दू माध्यमातून शिकलेली, म्हणून तिने 'मेज पर किताब है' मोठ्याने म्हटलं आणि मुलांना आपापल्या भाषेत सांगायला लावलं. 'टेबलावर पुस्तक आहे', 'बल्ल मीद पुस्तकं उंदि'. तिन्ही भाषांत 'वर' नामाच्या मागून येतो आणि क्रियापद शेवटी. मुलं चुकत नव्हती, आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत होती. तिने दोन रंगांच्या खडूंनी क्रम उलटा करून दाखवला. वर्गाला पटलं. हे तिच्या पाठटाचणात नव्हतं आणि पदवीच्या कुठल्याही पेपरात ती हे शिकली नव्हती.

हे बी.एड.मध्ये शिकतील, असं म्हणणारे भेटतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतला अनुभव २० आठवड्यांचा झाला. चांगलंच झालं. पण तिथला 'इंग्लिश मेथड' हा पेपर विषयाचं ज्ञान आधीच आहे असं धरून चालतो. शिवाय कित्येक मुली फी, लग्न, घरच्या अडचणी यांमुळे तिथवर पोचतच नाहीत. पदवी हाती पडताच जवळच्या एखाद्या खासगी शाळेत शिकवू लागतात. आणखी एक गोष्ट प्रथम वर्षालाच सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निर्णय दिला. त्या वर्गांसाठी डी.एल.एड. ही पदविका लागते. आपल्याला लहान मुलांना शिकवायचंय की मोठ्या, हे बारावीनंतरच ठरवावं लागतं, आणि हे अनेक पालकांना माहीतच नसतं.

विषय आणि अध्यापन एकत्र शिकवणं आपल्या देशाला नवं नाही. भोपाळ, अजमेर, भुवनेश्वर, म्हैसूर इथल्या प्रादेशिक शिक्षण संस्था १९६३पासून त्याच विचाराने चालल्या आहेत, आणि महाराष्ट्र भोपाळच्या क्षेत्रात येतो. आता चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रमही (आयटेप) आला आहे. पण भिवंडीतल्या किती मुली भोपाळला पाठवल्या जातील?

म्हणून माझा आग्रह सोपा आहे. नव्या रचनेत तृतीय वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास. ज्या मुलीला शिक्षिका व्हायचं आहे तिचे हे तास पालिकेच्या शाळेत जावेत. निम्मा वेळ तिने शिकवू नये, फक्त मुलांच्या वह्या वाचाव्यात, चुका उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येक चुकीमागे घरची कोणती भाषा आहे ते शोधावं. त्या नोंदींवर महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी तिच्यासोबत बसावं. यासाठी नवा अभ्यासक्रम नको, नवी मंजुरी नको; मुख्याध्यापकांना एक पत्र आणि आमच्या विभागाची तयारी, इतकं पुरे आहे.