छातीवरचा कॅमेरा आणि निर्णयाचा धडा



आमच्या उंद्रीत पहाटे फिरायला निघालं की पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. मैदानी चाचणीचे ५० गुण. परवा त्यातल्याच एका माजी विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, धावणं जमतंय. पण समोरचा माणूस अंगावर आला तर नेमकं काय करायचं, हे कसं शिकायचं?"

मुंबई-पुण्यात वाहतूक पोलिसांच्या छातीवर छोटा कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. तो पुराव्यासाठी, एवढंच आपण समजतो. पण त्याच चित्रणातून पोलिसांना शिकवताही येतं. खऱ्या प्रसंगाचं चित्रण वर्गात लावायचं, ऐन क्षणी थांबवायचं आणि विचारायचं : आत्ता काय दिसतंय? काय माहीत नाही? आवाज चढवायचा, की दोन पावलं मागं सरायचं? पुढचं नंतर दाखवायचं. कारण शेवट कळल्यावर सगळेच शहाणे होतात!

नुसता कॅमेरा लावून मात्र भागत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून जास्त पोलिसांवर मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आला, की कॅमेऱ्यामुळे बळाच्या वापरात लक्षणीय फरक पडला नाही. मला वाटतं, खरं शिकणं होतं ते मागं वळून पाहताना.

माझंच सांगतो. पाठाचा व्हिडिओ करायला एकदा मोबाइल टेबलावर लावला होता. फळ्यावर लिहिताना मागं गलका झाला. वळलो, आणि उभा दिसला त्या पोराला वर्गाबाहेर काढलं. घरी व्हिडिओ पाहिला, तर त्याची वही दुसऱ्यानंच ओढली होती. तो दोनदा "सर, सर" म्हणाला होता. मला ऐकूच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. व्हिडिओ मात्र कुणाला दाखवला नाही. चूक शिकायला असते, गावभर फिरवायला नाही. पोलिसांच्या चित्रणालाही हाच नियम हवा.

तुम्हीही करून बघा. मुलांना एखादा प्रसंग सांगा, मध्येच थांबा आणि विचारा : काय दिसतंय? काय माहीत नाही? आता काय कराल? दोन-तीन उत्तरं येऊ द्या, घाई करू नका.

त्या पोराला मी एवढंच म्हणालो, "बाबा, पाय रोज पळव, पण निर्णय घेण्याआधी एक श्वास थांबायचाही सराव कर."