शेवंतीचा पाय

शेवंतीला बाबांनी सारंगखेड्याहून आणलं. मार्गशीर्षात एकमुखी दत्ताच्या यात्रेला तापीकाठी घोडेबाजार भरतो, तिथून. मारवाडी घोडी, रंगाने नुकरी. अंग पांढरं, नाक गुलाबी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारी. मुर्ध्यात मिठागरांच्या कडेला आमचा तबेला होता. भाईंदरपासून उत्तनपर्यंतच्या आगरी गावांत हळद लग्नाइतकीच दणक्यात होते, आणि बेंजो वाजायला लागला की लोक आधी शेवंती आली का ते बघायचे.

खाटेवर चारही पाय ठेवून ती ताल धरायची. ठेका तुटला की उचललेला पाय तसाच हवेत थांबवायची आणि वाजवणाऱ्याकडे मान वळवायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. संगीत तिला मनापासून आवडायचं, हे मी आजही खात्रीने सांगेन.

पण त्या नाचाचा सगळा भार पुढच्या पायांवर यायचा. घोडा नुसता उभा असला तरी साठ टक्के वजन पुढे असतं. मागच्या पायांवर उभी राहून ती खाली येई, तेव्हा नळीमागच्या शिरेवर, म्हणजे कंडरेवर, केवढा ताण येत असेल! गुडघ्याखाली घोड्याला स्नायू नसतातच. हाड, कातडी आणि दोरखंडासारख्या शिरा, एवढ्यावर तो पाय चालतो. शिवाय 2002 साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली आणि आमच्याकडच्या मातीच्या वाटाही हळूहळू काँक्रीटच्या झाल्या.

एका हळदीच्या दुसऱ्या दिवशी ती पुढचा डावा पाय टेकेना. नळीमागे सूज आलेली, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. टेम्पोत घालून तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं खरं नाव, पण मुंबईत त्या नावाने कुणी पत्ता विचारत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर शिरेच्या धाग्यांमध्ये काळा डाग दिसला. डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून समजावलं. शिरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती भरायला वेळ लागतो. तुटलेले धागे पहिल्यासारखे होत नाहीत. त्या जागी वण धरतो, तो ताठर असतो, ताणला की पुन्हा फाटू शकतो. नऊ महिने ते वर्षभर धीर धरायला हवा. ठणका मात्र काही आठवड्यांतच जाईल आणि घोडीला वाटेल आपण बऱ्या झालो. खरा धोका तेव्हाच.

सुरुवातीला दर वेळी वीस मिनिटं गार पाण्याची धार, मग पट्टी. पट्टी दोन्ही पुढच्या पायांना, कारण दुखऱ्या पायाचा भार चांगल्या पायावर येतो. काम नाही म्हणून हरभऱ्याची चंदी कमी केली, सुकं गवत वाढवलं. बसून चंदी खाल्ली तर पोटशूळ होतो, खूर सुजतात. नालबंदाने वाढलेला पुढचा खूर कापून टाच सावरून दिली. पुढे लांबलेला खूर मागच्या शिरेला ओढतो, हे त्याला डॉक्टरांना सांगावं लागलं नाही.

मग हाताने चालवणं. आधी पाच मिनिटं, सरळ, सपाट वाटेवर. सोनोग्राफी बघून डॉक्टर सांगतील तेव्हा आणखी पाच.

सगळ्यात अवघड गेला लग्नसराईचा काळ. शेजारच्या राई गावात बेंजो सुरू झाला की शेवंती तबेल्यात पाय आपटू लागे. तिच्या एका उडीत महिन्यांची मेहनत वाया गेली असती. आई हळदीच्या रात्री तिच्या कानांत कापसाचे बोळे घालायची, आणि बाबा वाजप थांबेपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे. घरात त्या हंगामाची कमाई नव्हती. ते दोघं त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पावसाळ्यानंतर तिला उत्तनच्या किनाऱ्यावर न्यायला लागलो. उत्तनचे कोळी ओहोटीची वेळ सांगायचे. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, तिथेच चालवायचं. कोरड्या भुसभुशीत वाळूत खूर रुततो आणि शीर ताणली जाते, म्हणून टेम्पोतून उतरल्यावर तेवढा पट्टा अगदी सावकाश ओलांडायचा. मऊ जमीन पायाला बरी, ही समजूत शिरेच्या दुखण्यात घात करते. मला हे तिथे कळलं.

वर्षाच्या शेवटी पडद्यावरचा काळा डाग भरलेला दिसला, धागेही बरेचसे एका रांगेत आलेले. डॉक्टरांनी दुडकी चाल चालवायला परवानगी दिली. नळीमागे एक गाठ कायमची राहिली.

गावात बातमी पसरली, आणि लोक दुप्पट सुपारी घेऊन दारात आले. बाबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि सुपारी परत केली. काहींना राग आला. माझ्या मते बाबांनी आयुष्यात घेतलेला तो सर्वांत चांगला निर्णय. शेवंती पुढे कित्येक वर्षं पोरांना पाठीवर घेऊन मिठागरांच्या बांधावरून फिरली. तिला एक शिंगरू झालं, आईसारखंच नुकरं. त्याला आम्ही खोगीर घ्यायला शिकवलं, दुडकी शिकवली. खाट मात्र बाबांनी त्याआधीच मोडून टाकली होती.