माझे वाचन आणि एक ‘नये’

तिसरीत असताना मी फार हळू वाचत असे. ओळीखाली बोट धरायचे आणि पा-व-सा-ळा असे एकेक अक्षर लावायचे. ओळीच्या टोकाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरून जायची. २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झाले. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे ठरले आहे. माझे तीसही होत नव्हते.

माझा वेग वाढला तो गंगापूर रोडवर. आण्णांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी नाशिकला जाई. सोमेश्वर मागे पडले, आनंदवल्ली आली की दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या! गाडी काही माझ्यासाठी थांबत नसे. एका नजरेत वाचली तर वाचली, नाहीतर गेली. आधी फक्त पहिले अक्षर हाती लागे, मग शब्द, मग अख्खी पाटी. (काही पाट्या पाठच झाल्या होत्या, त्या मी मोजत नसे.) कुसुमाग्रज स्मारकापर्यंत माझ्या वीस-पंचवीस पाट्या होत.

पाचवीत गुरुजींनी घड्याळ लावून वाचायला दिले. मी मिनिटात १०४ शब्द वाचले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी गेल्यावर मी आजीलासुद्धा घड्याळ लावून पेपर वाचून दाखवला. ती म्हणाली, “अरे, काय लिहिलंय ते तरी कळू दे!” मला ते काही पटले नाही.

सहावीत असताना ऑक्टोबर छाटणीनंतरची गोष्ट. द्राक्षाला कोवळी फूट आली होती आणि फुलकिडे दिसू लागले होते. आण्णांनी नवे औषध आणले. त्यांचा चष्मा फुटलेला आणि कागदावरची अक्षरे मुंगीएवढी. म्हणाले, “वाच रे, बोर्डोत टाकलं तर चालतं का?” मी कागद घेतला आणि भराभरा वाचला. ‘बोर्डो मिश्रणात मिसळून फवारू’ इथे ओळ संपली होती. पुढचे मी मनानेच लावले आणि मोठ्याने म्हणालो, “फवारावे.”

खालच्या ओळीत ‘नये’ होते.

दोन ओळी फवारून झाल्यावर आईने तो कागद डब्यावरून उचलून पाहिला आणि ओरडली. चार दिवसांत त्या दोन ओळींच्या पानांच्या कडा करपल्या. आण्णा मला काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते.

मी गुरुजींना सगळे सांगितले. वाटले, आता हळू वाच म्हणतील. ते तसे म्हणाले नाहीत. ते म्हणाले, वाचताना डोळा सरळ सरकत नाही, टुणटुण उड्या मारतो. फ्रान्सच्या एमिल जावाल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच याचा अभ्यास केला होता. प्रत्येक उडीनंतर डोळा सुमारे पाव सेकंद थांबतो आणि तेव्हाच अक्षरे दिसतात. चांगले वाचणारेसुद्धा अधूनमधून मागे उडी मारतात. मी मात्र मागे जायला लाजत होतो, कारण घड्याळ चालू असे.

“आणि आपल्या मराठीत,” गुरुजी म्हणाले, “होय का नाही ते वाक्याच्या शेवटी कळतं. तू शेवट खाल्लास की सगळं उलटं.”

मग त्यांनी मला वेगळी सवय लावली. तीन-चार शब्दांचा एक घास घ्यायचा, क्रियापद आल्याशिवाय वाक्य सोडायचे नाही. पान संपले की पुस्तक मिटून आपल्या बोलीत सांगायचे. सांगता आले तरच शब्द मोजायचे. पहिल्या आठवड्यात माझे १०४ चे ७० झाले. वर्गात दोघे-तिघे हसले. दिवाळीनंतर ९० झाले. आता गोष्टीचे पुस्तक असले तर ११५ होतात आणि गोष्ट सांगताही येते. गणितातले उदाहरण मात्र मी अजून दोनदा वाचतो.

यंदा छाटणीनंतर आण्णांनी पुन्हा कागद पुढे केला. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. मी वाचायला चार मिनिटे घेतली. ते पंपाला टेकून उभे होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “नये कुठं कुठं आहे ते सांग.”

तीन ठिकाणी होते. मी बोट ठेवून दाखवले.