पावती कुणाच्या हातात?

संध्याकाळच्या प्रतिक्रमणात दिवसाचा हिशेब आपला आपण द्यायचा असतो. मनाने, वाचेने, कायेने काय घडलं ते आठवायचं. तिथं तपासायला साहेब नाही की दंडाची पावती नाही. पण हाच नियम सरकारी कचेरीला लावून भागत नाही. माझ्या आळसाचं फळ माझ्या खात्यात जमा होतं. टेबलावर पडून राहिलेल्या अर्जाचं फळ मात्र भलत्यालाच भोगावं लागतं. म्हणून तिथं बाहेरचं घड्याळ हवंच.

असं घड्याळ कायद्याने आधी मध्य प्रदेशात बसवलं, २०१० साली. आमच्या कर्नाटकात २०११ चा कायदा आला आणि एप्रिल २०१२ पासून 'सकाल' राज्यभर सुरू झालं. सकाल म्हणजे वेळच्या वेळी. अर्ज दिला की पंधरा आकडी क्रमांक मिळतो, अर्ज कुठवर आलाय ते त्यावरून कळतं. मुदत टळली तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अर्जदाराला मिळतात. आणि ते जबाबदार कर्मचाऱ्याच्या पगारातून जातात. रक्कम किरकोळ, पण कुणामुळे उशीर झाला ते कागदावर येतं, हे मोठं.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना लेकीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. चार हेलपाटे झाले. प्रत्येक वेळी दोन घरची कामं बुडाली. मी विचारलं, "नंबर दिलाय का?"

"नाही अक्का. म्हणाले, नंबर कशाला, दोन दिवसांत देतो की."

खरी मेख इथंच आहे. क्रमांक पडल्याशिवाय घड्याळ सुरूच होत नाही. अर्ज नोंदवलाच नाही तर उशीरही झाला नाही, आणि महिन्याच्या अहवालात सगळं कसं वेळेवर! पाचव्या खेपेला बाई "नंबर घेतल्याशिवाय हलणार नाही" म्हणून उभ्या राहिल्या. नंबर मिळाला आणि मुदतीत दाखलाही आला.

दाखला आला, शिष्यवृत्तीचा अर्ज गेला. पण ज्या शिक्षणासाठी ही धावपळ, त्याची पावती कोण देतं?

आता पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड असतात. मोबाइल धरला की 'दीक्षा'वरचा धडा उघडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत असे कोड घालून कविता, चित्रफिती, गृहपाठ मुलांच्या हाती दिले; २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पण त्या कोडामागे मुलांची गरज बघून त्यात बदल करीत राहणारा शिक्षक उभा होता, हे आपण सोयीस्कर विसरतो. नुसता कोड म्हणजे कुलूप उघडलेलं दार. आत पोर गेलं का, ते कोडाला काय ठाऊक? धडा किती वेळा उघडला ते यंत्र मोजतं. पोराला कळला का, ते मोजायला माणूसच लागतो. आणि ज्याला कळलं नाही, ते पोर काही अपील करायला जात नाही.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असं सांगितलंय. म्हणजे विचारायची जागा आहे. पण तिथं आपण पत्र्याचं, रंगाचं, फार तर मुतारीचं बोलतो. माझ्या मुलाला वाचता येतं का, हे विचारायला जीभ रेटत नाही. आपण अडाणी, गुरुजींना काय विचारणार, असं वाटतं.

मला वाटतं, शिकलेल्या बायकांनी इथं थोडा वेळ द्यावा. स्वाध्यायाला रोज बसतोच आपण. त्यातली पंधरा मिनिटं शेजारच्या पोराला पुस्तक देऊन म्हणावं, "वाच रे इथून इथपर्यंत, आणि काय कळलं ते सांग." अडलं तर कुठं अडलं ते त्याच्या आईला सांगावं. पुढच्या सभेत विचारायला तिच्या हातात काहीतरी असेल.